बदली खेळाडू

मे महिना जवळ आला की आमच्या बँकेत एकच शब्द ऐकू येतो, बदली. कुणाला जत लागलं, कुणाला थेट गडचिरोली. यादी यायच्या आधीच ती चहाच्या टपरीवर सगळ्यांना पाठ असते. फुटबॉलच्या बातम्यांत मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा. तिथं बदली खेळाडू म्हणजे बाकावर बसून मांड्या चोळणारा आणि उत्तरार्धात कुणाच्या तरी जागी उतरणारा. संघ सोडून दुसरीकडे जाणाऱ्याला पेपरवाले सरळ 'ट्रान्सफर' म्हणून मोकळे होतात. मी दोन्ही अर्थांनी बदली झालेला माणूस आहे. एकाच हंगामात, आणि तेही नोकरी लागायच्या आधी.

१९९६ चा पाऊस नुकताच संपला होता. मी एकवीस वर्षांचा, राहायला विश्रामबागेत. सकाळी कॉलेज, संध्याकाळी मैदान. मी मधला. म्हणजे हाफ आणि फॉरवर्ड यांच्या दरम्यान कुठंतरी भटकत राहायचं, बॉल आला की मान वर करून बघायचं आणि कुणाच्या तरी पुढ्यात नेऊन ठेवायचा. पळण्यात मी बेतास बात होतो. पण बॉल कुठं ठेवायचा हे कळायचं, आणि आमच्या पोरांना मी तो कुठं ठेवणार हे कळायचं. शाळेपासून एकत्र खेळलेलो, त्यामुळे हाक मारायची गरजच पडत नसे.

मिरजेतल्या एका स्पर्धेत माझे दोन सामने बरे गेले. चार दिवसांनी कोल्हापूरहून एम-८० वर दोघंजण घरी आले. अण्णांच्या समोर खुर्चीच्या कडेवर बसले. आईनं पोहे केले. स्थळ बघायला आल्यासारखंच सगळं. दोघांनी पोहे संपवले, पाणी प्यायले आणि मग थोरला म्हणाला, "काका, पोराला यंदा आमच्यात द्या." जाण्यायेण्याचं भाडं, नवे बूट आणि सामन्याच्या दिवशी जेवण, एवढं देणार होते. अण्णांनी एकच विचारलं, "परीक्षेच्या वेळी सोडणार का?" ते म्हणाले, "सोडणार की." माझं कुणी काही विचारलं नाही आणि विचारायची गरजही नव्हती. मी आतल्या खोलीतून मनातल्या मनात कधीच निघालो होतो.

संघाचं नाव मी लिहीत नाही. मला अजून कोल्हापुरात जायचं असतं.

कोल्हापूरचा फुटबॉल बाहेरच्याला सांगून कळत नाही. पाटाकडील, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी मंडळ, दिलबहार, बालगोपाल ही नुसती संघांची नावं नव्हेत. त्यांच्यामागं तालीम उभी असते आणि तालमीमागं पेठ. पोरगं जन्माला येतं तेच संघ घेऊन. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की बायका दुपारची भांडी लवकर आटपतात. आमच्या सांगलीत फुटबॉल बघायला शंभर माणसं जमली तरी आम्ही केस नीट करून मैदानात उतरायचो. तिथं पहिल्या दिवशी बोगद्यातून बाहेर आलो आणि तो गलका अंगावर आला, तेव्हा पोटात गोळाच आला.

मधली जागा पेठेतल्याच एका पोराची होती. ती त्याच्या थोरल्या भावाची होती, त्याच्या आधी चुलत्याची. माझा डावा पाय चालतो म्हणून मला लेफ्ट आउटला टाकलं. चुन्याच्या रेषेला चिकटून पळायचं, कोपऱ्यापर्यंत न्यायचा आणि आत टाकायचा. जो पळण्यात बेतास बात त्याला पळण्याचं काम. बूट दिले तेही एक नंबर मोठे. पुढं कापूस कोंबून घातले. विंगवरच्या माणसाचं आणखी एक दुःख असं की त्याला शिव्या स्पष्ट ऐकू येतात. मधल्या माणसाला नुसता गलका ऐकू येतो. रेषेवरच्याला मात्र शेंगा खात खात कोण काय म्हणालं, कुठल्या पायरीवरून म्हणालं, सगळं कळतं. माझं नाव तिथं कुणाला माहीत नव्हतं. मी नुसता 'सांगली'. "ए सांगली, पळ की लगा!" "सांगलीला हळद लावा रं!" हे दुसरं वाक्य मलाही आवडलं होतं, खरं सांगायचं तर.

पाच सामने, गोल शून्य. सहाव्याला बाकावर. तिथून पुढं मी खराखुरा बदली खेळाडू झालो. शेवटची दहा मिनिटं, तीही निकाल लागून गेल्यावर. हंगाम संपला तेव्हा एम-८० घेऊन कुणी आलं नाही. मी परत विलिंग्डनच्या बाजूच्या पोरांत जाऊन मध्ये उभा राहिलो आणि पहिल्याच संध्याकाळी पहिल्यासारखा खेळलो. पुढची दोन वर्षं चांगली गेली. मग बँकेची परीक्षा, नोकरी, आणि बूट माळ्यावर.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी जगभरचे फसलेले खेळाडू गोळा करत बसलो. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात तसा. यात अभ्यासाचा भाग कमी, स्वतःची समजूत घालण्याचाच जास्त.

पहिला सापडला फ्रान्सचा थिएरी हेन्री. जानेवारी १९९९ मध्ये मोनाकोहून इटलीतल्या युव्हेंटसला गेला. विश्वचषक जिंकलेला पोरगा. तिथं त्याला डाव्या कडेला टाकलं, वर बचावालाही मागं यायला लावलं. लीगमध्ये सोळा सामने आणि तीन गोल. सहा महिन्यांत सुटका. ऑगस्टमध्ये आर्सेननं, म्हणजे कोच वेंगरनं, त्याला लंडनच्या आर्सेनलला नेलं. मोनाकोत कोवळ्या वयात त्याला पहिल्यांदा संघात घेणाराही वेंगरच. यानं त्याला कडेवरून उचललं आणि मध्ये, गोलच्या तोंडाशी उभं केलं. पहिले आठ सामने तिथंही गोल नाही. मला हे आठ सामने फार महत्त्वाचे वाटतात. माझं पाचातच आटोपलं होतं. पुढं त्याच माणसानं आर्सेनलसाठी २२८ गोल केले. इतके त्या क्लबसाठी आजवर कुणीच केलेले नाहीत.

दुसरा रिकेल्मे. हा तर माझाच माणूस, कारण तोही मधला आणि पळण्यात बेतास बात. फक्त तो अर्जेंटिनाचा आणि मी विश्रामबागेचा, एवढाच फरक. बोका ज्युनिअर्समधून २००२ मध्ये बार्सिलोनाला गेला. तिथले कोच व्हान खाल. त्यांना तो नकोच होता. खेळवला तर कडेला खेळवला. वर्षभरात रोनाल्डिन्यो आला आणि रिकेल्मेला उसना म्हणून व्हियारियलला पाठवून दिलं. व्हियारियल हे स्पेनमधलं, आपल्या विट्याएवढं गाव, वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. तिथं त्याला सांगितलं, मध्ये उभा राहा, सगळे बॉल तुझ्याकडे येतील. आले.

तिसरा उरुग्वेचा दिएगो फोरलान. जानेवारी २००२ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आला आणि पहिला गोल करायला त्याला आठ महिने लागले, तोही पेनल्टीवर. इंग्रज प्रेक्षकांनी त्याची जी टर उडवली ती वाचताना मला शेंगांची टरफलं आठवायची. त्यानं नंतर मुलाखतीत सांगितलेला एक किस्सा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. कोच फर्ग्युसनना वाटायचं यानं लांब स्टडचे, म्हणजे तळाला लांब खुंट्या असलेले, बूट घालावेत, याला सवय आखूड स्टडची. चेल्सीविरुद्ध यानं गुपचूप आपलेच बूट घातले आणि नेमका गोलसमोर घसरला. सामना संपल्यावर बूट बदलायला हा धावतपळत ड्रेसिंग रूममध्ये गेला, पण साहेब आधीच हजर. त्यांनी ते बूट उचलून भिरकावले. तिथंच त्याचं युनायटेड संपलं. बुटांच्या बाबतीत माणसानं कुणाचं ऐकू नये. मी ऐकलं होतं, कापूस कोंबून.

२००४ मध्ये फोरलान कुठं गेला? त्याच व्हियारियलला, रिकेल्मेच्या पुढ्यात. पहिल्याच हंगामात लीगमध्ये २५ गोल, स्पेनमध्ये सर्वांत जास्त. लीगमधल्या गोलांसाठीचा त्या वर्षीचा युरोपचा 'गोल्डन शू' दोघांत विभागून दिला गेला. एक फोरलानला आणि दुसरा हेन्रीला, दोघांचेही पंचवीसच. युव्हेंटसनं सोडलेला आणि युनायटेडनं सोडलेला, एका बुटाचे दोन धनी. ही बातमी मी कापून बँकेच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. पुढं शाखा संगणकीकृत झाली आणि टेबलं बदलली त्यात ती गेली.

आणि मग एप्रिल २००६ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत हे सगळे आमनेसामने आले. आर्सेनलकडून हेन्री, व्हियारियलकडून रिकेल्मे आणि फोरलान. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. मुलगा लहान होता, झोपलेला, म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून मी चटईवर बसलो होतो. पहिला सामना आर्सेनलनं १-० जिंकलेला. दुसऱ्यात गोल नाही, आणि अगदी शेवटी व्हियारियलला पेनल्टी. रिकेल्मे पुढं आला. एवढ्याशा गावाला इथवर आणलं ते यानंच, आता पुढं नेणारही हाच, असं वाटून मी उठून उभा राहिलो. आर्सेनलचा गोलकीपर लेमननं डावीकडं झेप घेतली आणि बॉल अडवला. आवाज बंद असल्यामुळे ते आणखीच भयंकर वाटलं. पेठ मिळाली, मधली जागा मिळाली, माणसानं जीव लावला, तरी पेनल्टी चुकायची ती चुकतेच. माझ्या सांत्वनाच्या वहीत हे कुठंच बसत नव्हतं.

फोरलानला मात्र मी पुढं आपल्याकडेच पाहिलं. २०१० च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा माणूस २०१६ मध्ये चक्क मुंबई सिटीकडून अंधेरीत खेळला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. नोव्हेंबरची १९ तारीख, शनिवार. नोटाबंदीला अकरा दिवस झालेले. शाखेबाहेर सकाळी सहापासून रांगा, आत आम्ही थुंकी लावून लावून बोटं सोलवटलेले. रात्री घरी येऊन सोफ्यावर पडलो आणि टीव्ही लावला, तर केरळविरुद्ध याची हॅट्ट्रिक. मुंबई पाच, केरळ शून्य. मुलगा म्हणाला, "बाबा, हा किती म्हातारा आहे!" मी म्हणालो, "याला आठ महिने एक गोल करता येत नव्हता." त्याला ते खरं वाटलं नाही.

मुलगा मोठा झाला तसा माझ्या वहीतल्या नोंदींना विरोध सुरू झाला. त्याचं म्हणणं, "तुम्ही फक्त सोयीचे खेळाडू सांगता. सालाह आणि डी ब्रॉयना चेल्सीत बसून राहिले आणि बाहेर पडून मोठे झाले, हे ठीक. तोरेसचं काय?" तोरेसचं काय, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लिव्हरपूलसाठी लीगमध्ये १०२ सामन्यांत ६५ गोल. ३१ जानेवारी २०११ ला पाच कोटी पौंडांना चेल्सीत. पहिला गोल व्हायला ९०३ मिनिटं लागली. ओल्ड ट्रॅफर्डवर गोलकीपरला चकवून झालं होतं, समोर मोकळी जाळी, आणि यानं बाहेर मारला. चेल्सीकडून लीगमध्ये ११० सामन्यांत २० गोल. त्याला कुणी कडेला टाकलं नव्हतं. मध्येच उभा होता, आपल्याच जागेवर. पण त्याच्या गुडघ्याची २०१० मध्ये दोनदा शस्त्रक्रिया झाली होती आणि तो पहिला झपाटा विकला जाण्याआधीच ओसरू लागला होता. चेल्सीनं पैसे मोजले ते मागच्या वर्षीच्या तोरेसचे. दुभती म्हणून म्हैस आणावी आणि ती आटत आलेली निघावी, तसं.

कुटिन्योचा तर मुलगा तोंडपाठ दाखला द्यायचा. जानेवारी २०१८ मध्ये बार्सिलोनानं आपल्या इतिहासातली सर्वांत मोठी रक्कम मोजून घेतला, चालला नाही, म्हणून बायर्न म्युनिकला उसना दिला. ऑगस्ट २०२० मध्ये बायर्ननं बार्सिलोनाला ८-२ असं धुतलं आणि शेवटचे दोन गोल कुटिन्योचे. तेही बदली खेळाडू म्हणून उतरून! आपला बैल भाड्यानं द्यावा आणि त्यानं येऊन आपलाच ऊस खावा, त्यातला प्रकार. लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघं त्यावर पोट धरून हसलो होतो.

तर माझी समजूत अशी होती: मला कडेला टाकलं म्हणून मी फसलो. हेन्रीचं तेच, रिकेल्मेचं तेच. या समजुतीत एक काटा होता, तो मी कुणाला दाखवत नव्हतो. माझ्यानंतरच्या हंगामात त्याच संघानं, त्याच लेफ्ट आउटला, गडहिंग्लजचा एक पोरगा आणला. तोही बाहेरचा. तोही, मला कुणीतरी सांगितलं, मुळात मधलाच. आणि तो गाजला. चार वर्षं खेळला. पेठेतल्या पोरांनी गणपतीच्या मिरवणुकीत त्याला खांद्यावर घेतलेलं मी स्वतः पाहिलंय.

गेल्या सप्टेंबरात मामाकडे गेलो होतो, मणेराजुरीला. मामा आता अठ्ठ्याहत्तरचे, पण कलमाच्या दिवसांत बागेत खुर्ची टाकून बसतात, आणि थोड्या वेळानं खुर्ची सोडून उठतातच. द्राक्षाचं काम ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे आता द्राक्षाची वेल स्वतःच्या मुळांवर उभी नसते. आधी डॉगरिज लावायचा. हा रानटी खुंट, कमी पाण्यात आणि खारवट जमिनीत तग धरणारा. तो वाढला की पावसाळ्याच्या शेवटी जमिनीपासून हात-दीड हातावर कापायचा, मध्ये चीर द्यायची आणि थॉमसन किंवा सोनाका जातीची दोन डोळ्यांची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. काडी आणि खुंट यांची जाडी जुळावी लागते. साल सालीला भिडली पाहिजे. मग वरून प्लॅस्टिकची पट्टी, खालून वर, ओढून ओढून गुंडाळायची.

मामा एका खुंटापाशी थांबले. काही दिवसांपूर्वीचं कलम, काडी काळी पडलेली. त्यांनी पट्टी नखानं सोडवली, काडी ओढली. ती अलगद हातात आली.

"खराब काडी हुती?" मी विचारलं.

"काडी चांगली हुती. त्याच गठ्ठ्यातल्या ह्या बाकीच्या फुटल्यात की."

"मग खुंट?"

"खुंटाला काय धाड भरलीया?" त्यांनी पट्टी माझ्यासमोर धरली. "बांधणारं पोरगं नवीन. सैल बांधलं. काडी हलत ऱ्हायली. हलती काडी कशी लागंल?"

मला काय वाटलं कोण जाणे, मी त्यांना कोल्हापूरची सगळी गोष्ट सांगितली. लेफ्ट आउट, मोठे बूट, शेंगा, गडहिंग्लजचा पोरगा. भाच्यानं एक हंगाम तिकडं काढला होता हे त्यांना माहीत होतं, बाकीचं नव्हतं. ते ऐकता ऐकता कात्रीनं खुंट आणखी चार बोटं खाली कापत होते. फसलेला खुंट उपटत नाहीत, खाली ताजा काप घेऊन तिथं दुसरी काडी बांधतात.

"ते गडिंग्लजचं पोरगं ऱ्हायचं कुठं?" त्यांनी विचारलं.

"पेठेतच. तालमीच्या मागं खोली होती म्हणे."

"आन तू?"

मी रोज संध्याकाळी सराव संपला की पळत स्टेशन गाठायचो. मिरजेची पॅसेंजर. पोरं तालमीच्या कट्ट्यावर चहा मागवायची, मला म्हणायची, "सांगली, थांब की," आणि मी घड्याळ दाखवायचो. रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज. खिडकीशी बसून मनातल्या मनात आपल्या पोरांना सगळं सांगत यायचो. घरी आलो की आई ताट वाढता वाढता म्हणायची, "आलं का लेकरू माहेरी?" मी हसायचो. सहा महिन्यांत त्या पेठेतल्या एकाही घरी मी जेवलो नव्हतो. जो मला बॉल देत नव्हता त्या मधल्या पोराचं घर कुठल्या गल्लीत होतं, हे मला आजही माहीत नाही.

"मी रोज परत यायचो, मामा."

"मुक्काम किती केलास?"

"एकपण नाही."

मामा काही बोलले नाहीत. नवीन काप बोटानं चाचपून पाहिला, चीर दिली आणि ओल्या पोत्यातल्या काड्यांकडे हात केला.

"त्यातली जरा जाड बघून दे. आन पट्टी तू धर, मी सांगतो तशी आवळ."